कोडचंही शुद्धलेखन असतं



निबंध तपासताना आपण फक्त मुद्दे बघत नाही. परिच्छेद पाडलेत का, विरामचिन्हं आहेत का, अक्षर लागतं का, हेही बघतो. संगणकाच्या तासाला मात्र एकच प्रश्न विचारतो, "प्रोग्रॅम चालला का?" चालला की दहापैकी दहा. हातखंब्यात मुलांना गुगल शीट आणि तिच्यामागची ॲप्स स्क्रिप्ट शिकवताना ही सवय बदलायला हवी असं मला वाटू लागलं. आमच्याकडची मुलं हे परीक्षेपुरतं शिकत नाहीत. कुणाच्या घरी आंब्याचा व्यवसाय, कुणाचं हायवेला हॉटेल, कुणाच्या वडिलांचे टेम्पो. शाळेत शिकलेली स्क्रिप्ट महिन्याभरात घरच्या हिशोबाला लागते. तिथे चूक झाली तर मार्क जात नाहीत, पैसे जातात.

एक उदाहरण सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. जॅम-जेलीवरचा दर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आमच्या एका विद्यार्थिनीच्या घरी आंब्याचा जॅम करतात. बिलं काढणारी स्क्रिप्ट तिच्या आतेभावाने लिहिलेली, आणि तो आता पुण्याला नोकरीला. तिने स्क्रिप्ट उघडली तर ०.१२ हा आकडा सात ठिकाणी! सगळीकडे एका झटक्यात ०.०५ करून टाकायचं असं तिच्या मनात होतं. त्याआधी वर्गात आम्ही ती ओळीओळीने वाचली. सातपैकी दोन ठिकाणचा ०.१२ जीएसटीचा नव्हताच. ते दुकानदाराचं कमिशन होतं, तेही नेमकं १२ टक्केच. सरसकट बदललं असतं तर दुकानदारांच्या हाती निम्म्याहून कमी कमिशन पडलं असतं आणि जुनी दुकानं का तुटली हे घरात कुणाला कळलंही नसतं.

आतेभाऊ कच्चा होता असं नाही. त्याची स्क्रिप्ट बिनचूक चालत होती. फक्त ती त्याच्या एकट्याच्या डोक्यात लिहिलेली होती. तो गेला आणि अर्थ त्याच्याबरोबर गेला. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. बदली झाल्यावर आपण नवीन शिक्षकाला चार्ज देतो, तेव्हा रजिस्टरं नीट असतील तर तासाभरात काम होतं, नसतील तर पुढचे सहा महिने फोन येत राहतात. स्क्रिप्टचंही तसंच. ती कधी ना कधी दुसऱ्याच्या हातात जाणार, हे धरूनच लिहायची.

म्हणून वर्गासाठी आम्ही काही नियम ठरवले.

१. नाव अर्थ सांगणारं हवं. बीजगणितात चलाला 'क्ष' म्हटलं तर चालतं, हिशोबात चालत नाही. 'अ', 'ब', 'टेम्प२' यांपेक्षा 'जीएसटी_दर', 'दुकानदार_कमिशन' ही नावं बरी. जावास्क्रिप्ट आणि पायथॉन या दोन्ही भाषांत चलांची नावं देवनागरीतही ठेवता येतात. मराठीत ठेवा नाहीतर इंग्रजीत, पण एकच पद्धत शेवटपर्यंत पाळा. एकाच गोष्टीला इथे 'गिऱ्हाईक' आणि तिथे 'कस्टमर' म्हटलं की वाचणाऱ्याला ती दोन वेगळी माणसं वाटतात.

२. बदलणारे आकडे कोडमध्ये पेरू नका. दरासाठी वेगळी शीट करा आणि तिच्यात 'कधीपासून' हा रकाना ठेवा. १० ऑगस्टचं बिल पुन्हा छापलं तर त्यावर १२ टक्केच यायला हवेत, ऑक्टोबरच्या बिलावर ५. जुना दर पुसून नवा लिहिला तर जुनी बिलं खोटी ठरतात.

३. एका फंक्शनने एकच काम करावं. बिल काढणं, स्टॉक कमी करणं आणि गिऱ्हाइकाला मेसेज पाठवणं ही तीन कामं एकाच फंक्शनमध्ये कोंबली, तर बिल नुसतं तपासायला गेलात तरी मेसेज जाणार आणि बरण्याही कमी होणार.

४. टीप 'का' ते सांगणारी हवी. "इथे गुणाकार केला" हे वाचणाऱ्याला दिसतंच. "या दुकानदाराशी कमिशन वेगळं ठरलंय, म्हणून इथे वेगळा हिशोब" हे मात्र कोडमध्ये दिसत नाही. हातखंबा तिठ्यावरचा रस्त्याचा फलक गावातल्या माणसासाठी नसतो. रत्नागिरीकडे कुठे वळायचं आणि गोव्याकडे कुठे, हे परक्याला कळावं म्हणून तो असतो. आणि रस्ता बदलून फलक तसाच राहिला तर तो नसलेलाच बरा. कोड बदललात तर टीपही बदला.

५. एकक आणि तारीख स्पष्ट लिहा. 'पेटी' म्हणजे किती डझन? चार, पाच की सहा? रकान्याचं नाव 'माल' असेल तर भांडण ठरलेलं, 'डझन' असेल तर नाही. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हेही तसंच. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ नष्ट झालं, कारण एका प्रणालीतले आकडे पौंडाच्या हिशोबात होते आणि दुसरी ते न्यूटनमध्ये समजत होती.

६. शंका आली तर स्क्रिप्टने थांबावं आणि सांगावं. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाच्या जवळपास १६,००० रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत. माहिती जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमधून जात होती आणि त्या फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. वरच्या ओळी गळल्या आणि कुणालाच कळलं नाही. आपल्या स्क्रिप्टमध्येही दर सापडला नाही तर शून्य धरून पुढे जाऊ नये, "या मालाचा दर शीटमध्ये नाही" असा मेसेज द्यावा.

यातलं काही मी शोधून काढलेलं नाही. पायथॉन भाषेचे निर्माते गुइडो व्हॅन रॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्येच 'पेप ८' नावाची लेखनपद्धती मांडली. किती जागा सोडायची, नावं कशी ठेवायची, इतकं बारीक त्यात सांगितलंय. त्यामागचा विचार साधा आहे: कोड लिहिला जातो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा वाचला जातो.

मुलं विचारतात, "मॅडम, चालतंय ना, मग कशाला एवढं?" त्यांना भाषणाने पटत नाही, म्हणून मी एक उपक्रम घेते. तुम्हीही घेऊन बघा. प्रत्येकाची स्क्रिप्ट शेजारच्या बाकावर द्यायची. वाचणाऱ्याने ती मोठ्याने समजावून सांगायची आणि एक छोटा बदल करून दाखवायचा. लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. वाचणारा जिथे जिथे अडेल, तिथे पेन्सिलने खूण. ती खूण म्हणजे तिथे नाव चुकलंय किंवा टीप राहिलीय. दहापैकी चार गुण या वाचनाला. पहिल्या वेळी वर्गात नुसता गोंधळ असतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी खुणा कमी होऊ लागतात.

पालकांनाही एक विनंती. मुलाने किंवा मुलीने घरच्या धंद्यासाठी शीट करून दिली तर कौतुक जरूर करा. मग म्हणा, "आता तू आठवडाभर हात लावायचा नाहीस, मी चालवतो." कुठे अडलात ते एका वहीत लिहा आणि ती वही मुलाला द्या. जॅमवाल्या घरात आता दरांची वेगळी शीट आहे आणि बिलं मुलीची आई काढते.