बोळातला मंद दिवा



चातुर्मासात आमच्या जिंतूरला दिवेलागणीला बल्ब लावला की थोड्याच वेळात त्याखाली पाखरांचा सडा पडतो. आपली जेवणं सूर्यास्ताआधी उरकलेली असतात, त्यामुळे स्वयंपाकघर अंधारात ठेवता येतं. पण रात्री उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं काय? सासूबाई न्हाणीघराकडच्या बोळात दिवा लावूच देत नसत. "माझ्या चार पावलांसाठी एवढे जीव का घालवायचे?" म्हणायच्या. मागच्या श्रावणात त्याच अंधारात उंबऱ्याला अडखळून पडल्या आणि मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये, तरी दिव्याला नकोच! मला रागही आला आणि रडूही.

मग दिवा मंद करायचा ठरवलं. झिरोचा बल्ब आणला, तो निघाला निळा. निळ्या उजेडावर तर किडे जास्तच येतात. एलईडी बल्बला पंख्याचा रेग्युलेटर जोडून पाहिला, तर तो लुकलुकायला लागला. त्याच्या पोटात स्वतःचं सर्किट असतं, त्याला रेग्युलेटरमधून तुकड्यातुकड्यानं येणारी वीज मानवत नाही.

शेवटी नववीतल्या लेकानं विज्ञानाचं पुस्तक उघडलं. घरातले दिवे समांतर जोडणीत असतात, म्हणून प्रत्येकाला पूर्ण 230 व्होल्ट मिळतात. एकसर, म्हणजे एकामागे एक जोडले तर तेच व्होल्ट वाटून घ्यावे लागतात. वायरमनला बोलावून तारेचे जुने दोन बल्ब तसे जोडून घेतले. पहिल्यांदा 100 वॅटचा आणि 40 वॅटचा लावला, तर 40 चाच जास्त उजळला! लेक म्हणाला, "आजी, लहान बल्बच्या तारेचा रोध जास्त, म्हणून व्होल्टचा मोठा वाटा त्याच्यावर पडतो."

सासूबाई हसल्या. "घरातही धाकट्यावरच जास्त पडतं," म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी धाकटी सून. त्यांच्या तोंडून हे ऐकायला मला अठरा वर्षं लागली.

नंतर 60 चे दोन सारखे बल्ब लावले. प्रत्येकी 115 व्होल्ट. व्होल्ट निम्मे झाले, पण तार कमी तापते म्हणून उजेड मात्र जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा उरतो, तोही लालसर. किड्यांच्या डोळ्यांना निळा आणि त्यापलीकडचा उजेड जास्त दिसतो, लालसर फारसा नाही. म्हणून पाखरं आता क्वचितच येतात.

एक लक्षात ठेवा, या जोडणीत एक बल्ब गेला की दुसराही विझतो. जादाचा बल्ब घरात असू द्या आणि जोडणी वायरमनकडूनच करून घ्या.

एखादं पाखरू येतंच. सासूबाई थांबतात, हात जोडून क्षमा मागतात आणि भिंतीला धरून पुढे जातात. मी अंथरुणातून त्यांची पावलं ऐकते. परत आल्या की झोपते.