दारातली डोण

कुर्डुवाडीला मुद्दाम असं कोणी येत नाही. माणसं इथं गाडी बदलायला येतात. ह्याचा मला राग येत नाही, कारण आमच्या घराण्यानं एके काळी ह्या बदलण्यावरच चार घास खाल्ले.

१८५९ साली पुण्याकडून आगगाडी इथवर आली. स्टेशनाला नाव मिळालं 'बार्शी रोड'. गाव आमचं, नाव दुसऱ्याचं! पंढरीला जाणारा उतारू इथं उतरे, तेव्हा विठोबा अजून पंधरा-सोळा कोस लांब असे. पुढचा प्रवास टांग्यानं, नाही तर बैलगाडीनं. रात्रीची गाडी आली की पहाटेपर्यंत कुठं टेकायचं? माझ्या खापरपणजोबांनी पंढरपूरच्या रस्त्याला चार खण बांधले, मागं तबेला काढला नि खानावळ सुरू केली. ज्वारीची भाकरी, पिठलं, कांदा; घोड्याला हरभरा, बैलाला कडबा. आषाढी-कार्तिकीला म्हणे ओट्यावर पाय ठेवायला जागा नसे.

१८९७ मध्ये बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची छोटी गाडी सुरू झाली. मग तीच पंढरपूरला पोचली आणि टांगे बसले, खानावळही बसली. पुढं आजोबा त्या छोट्या गाडीच्याच कारखान्यात कामाला लागले. पोटाला अभिमान परवडत नाही.

त्या वैभवाची एकच खूण उरली आहे. दाराबाहेरची काळ्या दगडाची डोण. मी शाळेत मुलांना ती मोठ्या दिमाखानं दाखवत असे. "इथं टांग्याची घोडी पाणी प्यायची!" एका कादंबरीतही मी ती घोड्यांसकट वापरली. लेखकाला काय, दगड दिसला की घोडा उभा करता येतो.

आजी शेवटच्या आजारात होती. मी तिच्यापाशी बसून तेच कौतुक करत होतो. ती म्हणाली, "घोड्यांची डोण आत होती रे, तबेल्यापाशी. बाहेरची माणसांची."

"कुठल्या माणसांची?"

"ज्यांना आत घेत नव्हते त्यांची. तेही पंढरीलाच निघालेले. घागरीला हात लागू नये म्हणून आतून वरनं पाणी सोडायचं. त्यांनी ओंजळीनं प्यायचं. आजेसासूबाईंनी सांगितलेलं मला."

घोडा आत पाणी प्यायचा, माणूस बाहेर. दोघांच्याही तोंडचा फेस सारखाच असेल. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, देवळाबाहेर आहे. तिच्यासमोर मी कितीदा हात जोडले! विठोबाचं दार सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केलं, हा धडा मी वर्गात दरवर्षी गहिवरून शिकवतो. आमच्या दारातली डोण मात्र घोड्यांचीच राहिली.

आजी गेली त्याला बरीच वर्षं झाली. एका कार्तिकीला पायी निघालेला एक म्हातारा वारकरी डोणीच्या काठावर टेकला. चहा पिता पिता त्यानं विचारलं, "मास्तर, ही कशाची?" "घोड्यांची," मी म्हणालो. सवयीनं म्हणालो, असं स्वतःला सांगितलं. तो कप ठेवून, 'माउली' म्हणत पुढं गेला.

गेल्या दिवाळीत धाकटी लेक डोणीच्या काठावर पणत्या मांडत होती. "बाबा, ह्यात घोडी पाणी प्यायची ना?" तेलाची वाटी माझ्या हातात होती. ती खाली ठेवली नि आजीनं सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. तिनं पणत्या हलवल्या नाहीत. थोडा वेळ वात सारखी करत राहिली. मग म्हणाली, "आणि पाणी वरनं कोण ओतायचं?"

"माझी खापरपणजी," मी म्हणालो.