पूल घेणारे आणि पूल तोलून धरणारे

जर्मनीत रेमागेन नावाचं लहानसं गाव आहे. कोलोनहून दक्षिणेकडे जाणारी रेल्वे बॉनच्या पुढे ऱ्हाईन नदीच्या काठाकाठाने धावते, त्या मार्गावर हे स्टेशन लागतं. दुसऱ्या महायुद्धातल्या सगळ्यात गाजलेल्या पुलांपैकी एक इथला. तिथे उतरून नदीच्या वरच्या अंगाला चालत गेलो, तर नदीच्या दोन्ही काठांवर काळपट दगडाचे बुरूज उभे होते आणि मधल्या पाण्यातून मालवाहू बार्जेस निवांत चालल्या होत्या. पूल नव्हताच. तो 1945 मध्येच पडला आणि पुन्हा कधी बांधला गेला नाही.

माझी सगळी नोकरी सार्वजनिक बांधकाम विभागात गेली आणि तिचा बराचसा काळ पुलांवर. निवृत्तीनंतर मुलीकडे ड्युसेलडॉर्फला गेलो की घरचे किल्ले, चर्च, ख्रिसमसचे बाजार बघतात आणि मी पूल बघतो. जावयाने पहिल्यांदा रेमागेनचं नाव काढलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा, तिथे पूल नाहीये, नुसतं म्युझियम आहे." म्हटलं, मग तर जायलाच हवं. उभे पूल कसे उभे आहेत हे समजायला फारसं अवघड नसतं; पडलेला पूल जास्त शिकवतो.

या पुलाचं नाव लुडेनडॉर्फ. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याची रसद पश्चिमेकडे नेण्यासाठी 1916 मध्ये त्याचं काम सुरू झालं. दोन रेल्वेमार्ग, कडेला पादचाऱ्यांची वाट, मधला कमानीचा गाळा 156 मीटरचा. बांधकामावर रशियन युद्धकैदीही राबले. पूल पुरा होईतो युद्ध संपलं. म्हणजे ज्या लढाईसाठी बांधला तिच्या कामी तो आला नाही. आला तो पुढच्या लढाईत, आणि तोही शत्रूच्या.

म्युझियम पश्चिम काठावरच्या बुरुजांतच आहे. जिने चढत एकेका खोलीत जायचं. तिथली एक माहिती वाचून माझ्यातला इंजिनियर जागा झाला. बांधतानाच या पुलाच्या दगडी खांबांत सुरुंगासाठी पोकळ्या ठेवल्या होत्या. वेळ आली तर खांबच उडवायचा, म्हणजे पूल कायमचा गेला. पण पहिल्या महायुद्धानंतर या भागाचा ताबा फ्रेंचांकडे आला आणि त्यांनी त्या पोकळ्या काँक्रीटने भरून टाकल्या. त्यामुळे 1945 मध्ये जर्मनांना स्फोटकं लावावी लागली ती पोलादी सांगाड्याला. त्यातही सहाशे किलो लष्करी स्फोटक मागितलं होतं. आलं तीनशे किलो, आणि तेही खाणीत वापरायचं सौम्य प्रतीचं. इस्टिमेट एक आणि साइटवर येणारा माल दुसरा, हे दुखणं फक्त आपल्याकडचंच नाही.

त्यात आणखी एक पेच होता. ऑक्टोबर 1944 मध्ये कोलोनचा म्युलहाइमचा पूल बॉम्बहल्ल्यात स्वतःच्याच पोटातल्या सुरुंगांनी उडाला. तेव्हापासून हिटलरचा हुकूम असा, की शत्रू अगदी जवळ आल्याशिवाय स्फोटकं जोडायची नाहीत आणि लेखी आदेशाशिवाय उडवायचं नाही. लवकर उडवलं तर शिक्षा, उशीर झाला तरी शिक्षा. पुलावरच्या अधिकाऱ्याने करायचं काय?

7 मार्च 1945 ला दुपारी अमेरिकेच्या नवव्या चिलखती डिव्हिजनची तुकडी रेमागेनच्या वरच्या उंचवट्यावर पोचली. ऱ्हाईनवरचे पूल एकामागून एक उडवले जात होते, आणि हा मात्र खाली शाबूत दिसत होता. त्यांचा ब्रिगेडियर जनरल विल्यम होग हा मूळचा इंजिनियर, अलास्का महामार्गाच्या कामावरचा माणूस. वरून आदेश येण्याची वाट न बघता त्याने पूल घ्यायला सांगितलं. पुलाच्या तोंडाशी सैनिक पोचत असताना जर्मनांनी कळ फिरवली. विजेची मुख्य जोडणीच निकामी निघाली. मग एक जर्मन सैनिक गोळ्यांच्या वर्षावात धावत गेला आणि त्याने राखीव सुरुंगाची वात हाताने पेटवली. मोठा स्फोट झाला, पूल वर उचलला गेल्यासारखा दिसला आणि धूर विरल्यावर होता तिथेच बसलेला आढळला.

सैनिक धावले. सगळ्यात आधी पलीकडे पोचला सार्जंट अलेक्झांडर ड्रॅबिक, आणि अधिकाऱ्यांत पहिला लेफ्टनंट कार्ल टिमरमान. वय बावीस. म्युझियममध्ये त्याच्या फोटोपुढे मी बराच वेळ थांबलो. याचा जन्म जर्मनीतच, फ्रँकफुर्टचा. बाप पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत ताबा ठेवून असलेल्या अमेरिकी सैन्यातला, आई जर्मन. लहानपणीच नेब्रास्कात गेलेला हा मुलगा अमेरिकी गणवेशात आपल्या जन्मभूमीच्या मोठ्या नदीवरून धावत गेला. पुढे सहाच वर्षांनी, 1951 मध्ये, तो आजारपणात वारला.

साधारण सगळ्या पुस्तकांत आणि सिनेमात गोष्ट इथे संपते: पूल घेतला, जयजयकार झाला. माझ्या दृष्टीने खरी गोष्ट इथून सुरू होते. पूल जागेवर बसला म्हणजे सुस्थितीत राहिला असं नाही. त्या स्फोटाने एका बाजूच्या मुख्य सांगाड्याला जबर मार बसला होता आणि त्याच्या वाट्याचं वजन दुसऱ्या बाजूवर आलं होतं. अशा पुलावरून पहिल्या चोवीस तासांत सुमारे आठ हजार सैनिक पलीकडे गेले, शिवाय रणगाडे आणि गाड्या. वरून जर्मन विमानं, दूरवरून तोफा, इतकंच काय, व्ही-2 रॉकेटंसुद्धा या पुलावर सोडली गेली. अमेरिकी सॅपर्सनी शेजारी तराफ्यांचे पूल टाकले, रहदारी तिकडे वळवली आणि लुडेनडॉर्फ दुरुस्तीला घेतला. सॅपर्स हा शब्द खडकीच्या लष्करी केंद्रामुळे पुणेकरांच्या ओळखीचा आहे: पुढच्या फौजेसाठी पूल बांधणारे, सुरुंग काढणारे सैनिक.

17 मार्चच्या दुपारी वेल्डिंगचं काम चालू असताना पूल कोसळला. त्या क्षणी थेट बॉम्ब लागून नव्हे. दहा दिवसांचा मार साठत गेला आणि उरलेल्या बाजूची ताकद संपली. अठ्ठावीस इंजिनियर सैनिक गेले. रिव्हेट तुटायला लागल्याचे आवाज आधी येतात, मग सांगाडा कण्हतो, मग पळायला वेळ उरत नाही. मी नोकरीत जीर्ण पुलांची तपासणी केली आहे, खालून टॉर्च मारून तडे मोजले आहेत. त्या अठ्ठावीस जणांचा शेवट वाचताना माझ्या तळव्यांना घाम आला. पुलावरून धावत जाणाऱ्याला निदान पलीकडचा काठ दिसत असतो. पुलाच्या पोटात उभं राहून पोलाद जोडणाऱ्याला फक्त समोरचा सांधा दिसतो.

जर्मन बाजूचा हिशेब वेगळाच झाला. पूल शाबूत सापडला म्हणून हिटलरने खास फिरतं लष्करी न्यायालय बसवलं. पाच अधिकाऱ्यांना मृत्युदंड ठोठावला गेला. त्यातला कॅप्टन ब्राट्गे अमेरिकनांच्या कैदेत होता म्हणून वाचला. उरलेल्या चौघांना गोळ्या घातल्या. त्यांतला मेजर शेलर तर 7 मार्चच्या सकाळीच तिथे सूत्रं हाती घ्यायला आला होता. अपुरी स्फोटकं त्याने मागवली नव्हती, काँक्रीट त्याने ओतलं नव्हतं, हुकूम त्याने काढले नव्हते. फसलेल्या कामाचा दोष त्या दिवशी साइटवर हजर असलेल्याच्या माथी मारायचा, ही रीत जगभर सारखीच दिसते. फक्त तिथे बंदुका होत्या.

हे स्मारक उभं कसं राहिलं त्याची गोष्टही ऐकण्याजोगी आहे. नदीतले उरलेले खांब जहाजांना अडचणीचे म्हणून 1976 मध्ये काढून टाकायचं ठरलं. तेव्हाचे महापौर हान्स पीटर क्युर्टेन यांच्या मनात बुरुजांत शांततेचं म्युझियम करायचं होतं, पण पैसा मिळत नव्हता. त्यांनी काढलेल्या खांबांचे दगड ठेवून घेतले, त्यांचे बारीक तुकडे पारदर्शक राळेत बसवले आणि प्रमाणपत्रासह विकायला काढले. लोकांनी ते घेतले, विशेषतः अमेरिकेतल्या जुन्या सैनिकांनी. त्या पैशातून 7 मार्च 1980 ला म्युझियम उघडलं. पाडलेल्या बांधकामाच्या राडारोड्यातून निधी उभा करणारा लोकप्रतिनिधी मी माझ्या नोकरीत तरी पाहिला नाही.

गावाच्या आठवणीत मात्र फक्त पूल नाही. युद्ध संपताना इथल्या नदीकाठच्या शेतांत अमेरिकनांनी जर्मन युद्धकैद्यांची प्रचंड छावणी उभारली. छप्पर नाही, अन्न अपुरं, चिखलात माणसं. हजाराहून जास्त कैदी दगावले. एका कैद्याने तिथल्या मातीतून घडवलेली मेरीची मूर्ती आज जवळच्या छोट्या देवळीत आहे. अलीकडे नवनाझी मंडळी नोव्हेंबरात या छावणीच्या नावाने मोर्चे काढत आली आणि गावकरी त्यांच्या विरोधात लोकशाहीचा दिवस साजरा करत आले. जिंकणाऱ्यांच्या पाट्या, त्यांच्याच ताब्यात मेलेल्या कैद्यांची देवळी आणि त्या मृतांचं भांडवल करू पाहणाऱ्यांना गावाने दिलेलं उत्तर, हे सगळं एका लहान गावाने सांभाळलं आहे. स्मारक सांभाळणं म्हणजे दरवर्षी फुलं वाहणं एवढंच नसतं, हे मला इथे दिसलं.

रेमागेनवरून वाहणारं पाणी पुढे हॉलंडमध्ये शिरलं की फाटे फुटतात. सगळ्यात मोठा फाटा वाल नदीचा, आणि तिच्या काठावर नाइमेखन शहर. ड्युसेलडॉर्फहून ते फार लांब नाही. एका संध्याकाळी मुलगी मला तिकडे घेऊन गेली. 'अ ब्रिज टू फार' सिनेमात रॉबर्ट रेडफर्ड कापडी होडीतून नदी ओलांडतो, ती ही नदी. 20 सप्टेंबर 1944 ला नाइमेखनचा मोठा पूल दोन्ही टोकांनी एकदम धरायचा होता, म्हणून मेजर ज्युलियन कुक यांच्या अमेरिकी छत्रीसैनिकांनी भर दुपारी, समोरून गोळीबार चालू असताना, कापडाच्या सव्वीस होड्यांतून नदी पार केली. वल्ही पुरेशी नव्हती, तर काहींनी बंदुकीच्या दस्त्यांनी पाणी मारलं. या होड्या चालवत होते इंजिनियर दलाचे सैनिक. पहिल्या खेपेनंतर पाण्यावर टिकलेल्या होड्या घेऊन ते त्याच गोळीबारात परत आले आणि पुढची माणसं घेऊन पुन्हा गेले. पूल हाती आला. पण पुढे आर्नहेमच्या पुलाशी अडकलेल्या ब्रिटिश सैनिकांपर्यंत मदत वेळेत पोचली नाही.

त्या होड्या निघाल्या त्या जागेपाशी 2013 मध्ये नवा पूल झाला, ओव्हरस्टेक. 285 मीटरचा कमानीचा गाळा आहे. निवृत्त माणसालासुद्धा हेवा वाटावा असं देखणं काम. त्याच्या रस्त्यावरच्या दिव्यांच्या अठ्ठेचाळीस जोड्या रोज सूर्यास्ताला एकदम लागत नाहीत. नदी ओलांडताना पडलेल्या अठ्ठेचाळीस सैनिकांसाठी एकामागून एक जोडी संथ कवायतीच्या चालीत पेटत जाते आणि एक निवृत्त सैनिक रोज त्या प्रकाशाबरोबर पूल चालून जातो. कुणीही त्याच्या मागे चालू शकतं. आम्हीही चाललो. शेजारून सायकली आणि गाड्या आपापल्या घरी जात होत्या. त्यांना कुणी थांबवलं नाही.

चालताना माझ्या डोक्यात तुलना चालू होती. स्मारकं बहुतेक ठिकाणी पूल 'घेतल्याची' असतात. नॉर्मंडीतल्या पेगॅसस पुलापाशी तर 6 जूनच्या मध्यरात्री ग्लायडर कुठे उतरले त्या जागाही दगड रोवून दाखवल्या आहेत. त्या धाडसाला मी कमी लेखत नाही. पण माझ्या धंद्यातल्या माणसाला विचाराल तर पूल घेणं हे काही मिनिटांचं काम असतं आणि तो तोलून धरणं हे त्यानंतरच्या प्रत्येक तासाचं. रेमागेनचे वेल्डर आणि वालवरून होडी परत आणणारे इंजिनियर, या दोघांनाही झेंडा रोवायचा नव्हता. दुसऱ्यांना पलीकडे जाता यावं, एवढंच त्यांचं काम होतं.

म्हणून माझ्या लेखी नाइमेखनचं स्मारक सगळ्यांत सरस. ते पुतळा उभा करत नाही, वाहतूक अडवत नाही, आणि रोज वापरात असलेला पूल हेच स्मारक ठरवतं. पुलाचा सन्मान त्यावरून लोक सुखरूप जाण्यात असतो. कोलोन-ड्युसेलडॉर्फकडे मुलाबाळांना भेटायला जाणाऱ्या वाचकांनी या दोन्ही जागा जरूर बघाव्यात. रेमागेनचं म्युझियम हिवाळ्यात बंद असतं, आणि नाइमेखनची वेळ सूर्यास्तावर ठरते, तेव्हा उन्हाळ्यात रात्री दहाच्या सुमारास पोचायची तयारी ठेवा. आणि रेमागेनला टिमरमानचा फोटो बघून झाला, की 17 मार्चच्या त्या अठ्ठावीस जणांचीही चौकशी करा.