जमिनीखालचा नकाशा

इतवारा, बुधवारा, शनवारा ही बऱ्हाणपूरच्या मोहल्ल्यांची नावे ऐकली की पुण्याचा पाहुणा हमखास आपल्या पेठांची आठवण काढतो. (वारांवर आपलाच मक्ता, असे पुणेकरांस वाटावयाचेच!) उदगीरच्या विजयानंतर १७६० साली हे शहर पेशव्यांकडे आले. आपल्या पूर्वजांना ते वसवावे लागले नाही. फारुकींनी वसविलेले, मोगलांनी वाढविलेले नगर त्यांना पाण्यासकट आयते मिळाले.

नगररचना म्हटली की आपण तट, वेशी आणि चौक पाहतो. मला मात्र या शहराचा खरा नकाशा जमिनीखाली दिसतो. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी वाटेतच धरून शहरास पुरवावे, ही योजना अब्दुर्रहीम खानखानाच्या काळी, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने आखली. विहिरींसारख्या कुंड्यांची रांग, तळाशी त्यांना जोडणारा बोगदा आणि त्या बोगद्यास बेताचा उतार. मोट नको, रहाट नको. कुंड्यांतून हवा खेळते, गाळ काढावयास माणूस आत उतरू शकतो. पाणी उताराने जाळी करंजापर्यंत येई आणि तेथून नळांवाटे वस्तीत जाई.

२०२४ मध्ये हा कुंडी भंडारा युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत आला, याचा आनंद आहेच. परंतु बोगद्याच्या भिंतींवर चुन्याचे थर चढून पाझर बुजत आहेत, आणि केळीच्या या मुलखात कूपनलिका त्याच भूजलावर जगतात. उपसा कोठे थांबवावयाचा, हे युनेस्को ठरविणार नाही. ते येथल्या बागाईतदारांनी आणि महानगरपालिकेनेच ठरवावयाचे आहे.