घडवणारा उजेड, दाखवणारा उजेड

एखाद्या वस्तूचा रंग कोणता, हा प्रश्न आपण इतक्या सहजपणे विचारतो की त्याच्या पोटात ‘कोणत्या उजेडात?’ हा दुसरा प्रश्न दडलेला असतो याचे भान राहत नाही. साडीच्या दुकानात मात्र ते असते. काठाचा रंग नीट पारखायचा तर साडी हातात घेऊन दारापाशी, दिवसाच्या उजेडात जायचे, हे आपल्या आई-आज्यांना कुणी शिकवावे लागले नव्हते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली एक दिसते, बाहेर दुसरेच. आणि बाहेरचे तेच खरे, असे आपण सर्वांनी मिळून ठरवून टाकलेले असते. हा करार जमिनीवर ठीक चालतो. पाण्याखाली तो चालत नाही, हे आम्हा दोघांना घरातल्या एका प्रवाळापायी गेल्या तीन वर्षांत हळूहळू कळत गेले.

ते प्रवाळ आम्ही विकत आणलेले नाही. दक्षिण-पूर्व लंडनमध्ये आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांच्या बैठकीत खाऱ्या पाण्याची मोठी काचपेटी होती आणि तिच्यात स्टायलोफोरा जातीच्या प्रवाळाची, बोथट बोटांसारख्या फांद्यांची, एक वसाहत चौदा वर्षे वाढत होती. ते गेल्यावर पेटी मोडणे भाग होते. त्यांच्या पत्नीने या वसाहतीचा तळहाताएवढा तुकडा आम्हाला दिला आणि सोबत त्यांची नोंदवही दिली. आम्ही भारतात असतो तर हा प्रसंग आलाच नसता. तिथे २००१ साली सर्व पाषाणप्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला, आणि ते योग्यच झाले. इथले हौशी लोक मात्र घरी वाढवलेल्या वसाहतींचे तुकडे एकमेकांना देतात, जास्वंदीची फांदी द्यावी तसे. तुकडा जगला की मूळ वसाहतच पुढे चालू राहिली असे मानतात. आणि जीवशास्त्राच्या दृष्टीने ते खरेही आहे.

त्यांच्या घरी हे प्रवाळ राणी रंगाकडे झुकणारे गुलाबी होते. आमच्याकडे आल्यावर काही आठवड्यांत ते तपकिरी झाले. हे अपेक्षितच होते. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाले राहतात. ती प्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. नव्या जागी प्रखर उजेड एकदम दिला तर हा संसार मोडतो, शैवाले बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरे पडते. म्हणून सुरुवात मंद उजेडाने करायची असते. मंद उजेडात शैवालांची संख्या आणि त्यांच्यातले हरितद्रव्य वाढते आणि सगळे तपकिरी दिसू लागते. उसना आणलेला प्रकाशमापक पाण्यात बुडवून आम्ही ९० या आकड्यापासून सुरुवात केली. हा आकडा एका चौरस मीटरवर एका सेकंदात पडणाऱ्या, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडू शकणाऱ्या प्रकाशकणांचा, मायक्रोमोलमध्ये मोजलेला. तीन महिन्यांत तो २२० पर्यंत नेला.

शेजाऱ्यांचा दिवा जुन्या पद्धतीचा, २५० वॉटचा मेटल हॅलाइड होता. त्याला एकच कळ. लावायचा किंवा विझवायचा. आमचा एलईडी दिवा म्हणजे सहा कळांचा हार्मोनियम: जांभळा, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा गडद निळा, त्याहून फिका निळा, हिरवा, लाल आणि पांढरा. प्रत्येकाची टक्केवारी स्वतंत्र, दिवसाच्या प्रत्येक तासाला वेगळी ठेवता येणारी. हे शक्य झाले ते निळ्या एलईडीमुळे. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल त्यासाठीच मिळाले. पण एकदा सहा कळा हाताखाली आल्या की कोणता सूर लावायचा हा प्रश्न आला, आणि तो वाटतो तितका तांत्रिक नाही.

कारण प्रवाळाच्या गुलाबी रंगाची गंमत अशी. तो शैवालांचा नव्हे, प्रवाळाच्या स्वतःच्या पेशींतला, एका प्रथिनाचा रंग आहे. हे प्रथिन हिरवट-पिवळा प्रकाश शोषून घेते आणि उरलेला परतवते, म्हणून गुलाबी दिसते. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी २००८ साली दाखवले की अशी रंगद्रव्ये तयार करण्याची आज्ञा प्रवाळाला मुख्यतः निळ्या प्रकाशाकडून मिळते. म्हणजे रंग घडतो निळ्यात. पण निळ्या प्रकाशात तो दिसत मात्र नाही! परतवायला लाल किरणच नसतील तर गुलाबी येणार कुठून? काही प्रवाळे निळा प्रकाश घेऊन हिरवा किंवा केशरी फेकतात, ती निळ्या दिव्याखाली निखाऱ्यासारखी चमकतात; आमचे त्यांतले नव्हे. उजेड वाढवून सहा महिने झाले, फांद्यांची टोके टवटवीत झाली, तरी दिवसभर आमच्या पेटीत एक काळसर निळे झुडूप उभे दिसे.

त्याच सुमारास शेजारीणबाई चहाला आल्या. बराच वेळ काचेपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “छान वाढलंय. पण हे त्याचं नाही वाटत.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते लागले. आम्ही पांढऱ्याची आणि लालची टक्केवारी वर नेली. पाण्यातला निळा ओसरला आणि फांद्यांवर गुलाबी उमटत गेला. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त खुर्ची जवळ ओढून बसल्या.

त्यानंतर दिवा कायम तसाच ठेवावा, हा मोह किती स्वाभाविक! बाई आठवड्यातून एकदा येऊ लागल्या होत्या. आमच्यातही दोन पक्ष पडले. एकाचे म्हणणे, ज्याच्यासाठी हे प्रवाळ जपले तोच दिसणार नसेल तर जपण्याला अर्थ काय? दुसऱ्याचे म्हणणे, जपणे प्रवाळासाठी आहे, आठवणीसाठी नाही. निवाडा झाला तो २०१४ साली ‘प्लॉस वन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नेदरलँड्समधल्या संशोधकांच्या एका निबंधाने. प्रयोग नेमका याच जातीवर, स्टायलोफोरा पिस्टिलाटावर, झालेला. सारख्याच तीव्रतेच्या निळ्या प्रकाशात ही प्रवाळे तगली. नुसत्या लाल प्रकाशात त्यांची प्रकृती खालावली. आमचा लाल दिवा त्या प्रयोगातल्या लाल प्रकाशाइतका एकटाही नव्हता आणि प्रखरही नव्हता. पण ज्याने ते सुंदर दिसते त्यावर ते पोसले जात नाही, एवढे त्यातून स्वच्छ झाले.

समुद्राच्या दृष्टीने पाहिले तर यात नवल नाही. पाणी लाल किरण सर्वांत आधी गिळते. पहिल्या दहा मीटरांत ते जवळजवळ संपतात. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत, आंग्र्यांचे नाव मिरवणारे आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे. त्याचा माथाच सुमारे वीस मीटर खोल. तिथल्या प्रवाळांचे आयुष्य निळ्या उजेडात जाते. त्यांची जी रंगीत छायाचित्रे आपण पाहतो ती पाणबुड्याने सोबत नेलेल्या दिव्याची किंवा नंतर केलेल्या रंगदुरुस्तीची करामत. तो गुलाबी, तो लाल खोटा नसतो. पण तिथे तो आपल्यासोबत येतो आणि आपल्यासोबतच निघून जातो.

पोवळ्याशी तुलना केली की फरक उमगतो. अंगठीतले पोवळे हेही प्रवाळच, भूमध्य समुद्रातले. त्याला शैवाले नसतात, ते अंधुक उजेडात, कपारींत वाढते, आणि त्याचा लाल रंग थेट सांगाड्यात मुरलेला असतो. म्हणून ते मेल्यावरही लाल राहते, आजीकडून नातीकडे जाते. आमच्या स्टायलोफोराचा रंग फक्त जिवंत पातळ कातडीत आहे. जीव गेला की उरतो पांढरा चुना. जागतिक पातळीवरील चौथे प्रवाळ-विरंजन एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले. त्याच्या बातम्या वाचताना आम्हाला आधी ही पातळ कातडी आठवते.

शेवटी आम्ही जो तोडगा काढला तो देवळातून उचललेला. देवाचे दर्शन चोवीस तास नसते. वेळा ठरलेल्या असतात, बाकीचा वेळ देवाचा. नोंदवहीत शेजाऱ्यांनी दिव्याचे नऊ तास लिहून ठेवले होते, ते आम्ही तसेच पाळले. त्यांतले आठ तास निळ्याचे: जांभळा आणि दोन्ही निळे वर, पांढरा जेमतेम दहा टक्के, हिरवा-लाल नावापुरते. संध्याकाळचा शेवटचा एक तास दर्शनाचा. त्या तासात निळा थोडा खाली येतो, पांढरा वर चढतो, लाल किंचित. एकूण तीव्रता मात्र वाढू द्यायची नाही, हे पथ्य.

दुकानी दिव्यांत रात्रीसाठी निळसर ‘चंद्र’ही असतो. तो आम्ही बंद ठेवला. खरा चंद्रप्रकाश निळा नसतोच. तो परावर्तित सूर्यप्रकाश, उलट किंचित तांबूसच. शिवाय प्रवाळ डोळे नसूनही चंद्र ओळखते. घराजवळच्या हॉर्निमन संग्रहालयात २०१२ पासून चाललेल्या प्रकल्पात तापमान, दिवसाची लांबी आणि चंद्राच्या कला दिव्यांनी हुबेहूब उभ्या करून बंद टाक्यांत प्रवाळांचे प्रजनन घडवून आणले गेले. इतकी सूक्ष्म जाण असलेल्या जीवाला आम्ही रोज पौर्णिमा दाखवावी, हे आम्हाला पटेना.

माणसांच्या बाबतीतही आपण हाच घोटाळा करतो, असे आता वाटते. एखादा ज्या परिस्थितीत घडला ती आणि तो ज्या परिस्थितीत आपल्याला दिसला, आवडला, ती, या दोन वेगळ्या असू शकतात. शेजाऱ्यांना आम्ही ओळखत होतो ते संध्याकाळच्या गप्पांपुरते. नोंदवहीतली चौदा वर्षांची रोजची तापमाने, क्षार, बदललेल्या बल्बांच्या तारखा वाचल्या तेव्हा त्या गप्पांच्या मागचे कितीतरी तास प्रथम कळले.

बाई अजून येतात, आता बरोबर सहाला. गेल्या महिन्यात वसाहतीचे दोन तुकडे करून एका तरुण हौशी मुलाला दिले. सोबतच्या चिठ्ठीत तास, तीव्रता आणि टक्केवारी लिहिली. रंग कोणता, असे त्याने विचारले. सहा वाजेपर्यंत थांब म्हणून सांगितले.