बॉलपेनची रेघ

आमच्या घरी टीचर्सची बाटली कपाटाच्या वरच्या कप्प्यात, बाबांच्या पेन्शनच्या फायलींमागे असायची. लेबलच्या कडेला बॉलपेनने मारलेल्या बारीक रेघा आणि प्रत्येक रेघेशेजारी तारीख. मला वाटायचं, बाबांचा माझ्यावर संशय आहे. कॉलेजात असताना एकदा मी दोन घोट मारले आणि पाणी घालून रेघ बरोबर केली. बाबा काही बोलले नाहीत.

पुढे पुण्यात नोकरी लागली आणि मी व्हिस्कीतला शहाणा झालो. ‘ब्लेंडेड’ म्हटलं की नाक मुरडायचं, एवढं मला पक्कं येत होतं. गेल्या दिवाळीत सिंगल माल्ट घेऊन घरी गेलो. त्या पैशांत टीचर्सच्या दोन बाटल्या आल्या असत्या. बाबांनी दोन्ही बाटल्या गच्चीवर आणल्या, सोबत भाजलेले शेंगदाणे.

पहिल्यांदाच मी टीचर्स नीट, लक्ष देऊन प्यायलो. वास घेतल्यावर आधी स्पिरिट नाकात चढतं. थोडं थांबलं की मध, पिकलेलं सफरचंद आणि मागून चुलीचा विझत आलेला धूर येतो. हा धूर आर्डमोरच्या माल्टचा. टीचर कुटुंबाने ही डिस्टिलरी १८९८ मध्ये सुरू केली, आणि तिथलं बार्ली पीटच्या धुरावर वाळवतात. त्यात हलकी ग्रेन व्हिस्की मिसळली की ब्लेंड तयार होतो. नीट घेतली तर घशाला चटका बसतो आणि चव लवकर संपते. चमचाभर पाणी घातलं की चटका उतरतो, धूर राहतो. सोडा मात्र सगळंच धुऊन काढतो.

सिंगल माल्ट सरस होता, यात वाद नाही. चव जास्त वेळ टिकत होती, दर घोटाला काहीतरी नवं सापडत होतं. पण दुपटीहून जास्त पैशांना दुपटीहून जास्त आनंद होता का? प्रामाणिकपणे सांगतो, नव्हता.

“तुमच्या रेघा अजून चालूच?” मी हसत विचारलं.

“तुझे आजोबा हातभट्टीची प्यायचे,” बाबा म्हणाले. “किती प्यायली ते त्यांना कधी कळलंच नाही. आधी बैल गेले, मग आईच्या पाटल्या. मी घ्यायला लागलो तेव्हा आईने एकच अट घातली, मोजून घे. शनिवारी साठ मिली. बाटली तीन महिने जाते. कमी गेली तर काळजी.”

मी गप्प.

“आणि तू पाणी घातलं होतंस ना, ते पहिल्या घोटाला कळलं होतं. पुढचे शनिवार तीच पाणचट प्यायलो. टाकून कशी देणार?”

रेघा माझ्यासाठी नव्हत्याच. त्या बाबांनी स्वतःवर ठेवलेला पहारा होत्या. मी इतकी वर्षं चव, वास, किंमत यांवर व्हिस्कीला मार्क देत होतो. घराला ती किती महाग पडते, हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हताच.

पुण्याला परतल्यावर फ्लॅटमधल्या रिकाम्या बाटल्या मोजल्या. आकडा इथे लिहीत नाही.

आता माझ्या कपाटातही टीचर्स आहे. लेबलवर पहिली रेघ मारली, तारीख टाकली. पुढची शनिवारी.