दात, मनगट आणि कर्णधार

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत काही वाद वाटणीत मिळालेल्या भांड्यांसारखे पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात. कोणी मुश्ताक अलींच्या बाजूचा, कोणी चंदू सरवट्यांच्या. आमच्या रामबागेतल्या घरात मात्र वादाचा विषय ठरलेला असे : जखमी झालेल्या कर्णधाराने पुन्हा मैदानात उतरावे की नाही?

याला कारण अर्थातच कर्नल सी. के. नायडू. 1951-52 च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाची गाठ मुंबईशी पडली होती. दत्तू फडकरांचा उसळता चेंडू नायडूंच्या तोंडावर बसला, दात तुटले, रक्त वाहू लागले. त्या वेळी त्यांचे वय 56 होते आणि शिरस्त्राण ही वस्तू कोणाच्या स्वप्नातही नव्हती. पुढचे आमच्याकडे असे सांगत की, नायडूंनी खेळपट्टीवर पडलेले दात बॅटीने बाजूला सारले, उपचार नाकारले आणि नंतरचा चेंडू हळू आला म्हणून फडकरांनाच खडसावले. हा प्रसंग वडील सांगू लागले की आई पोळ्या लाटायची थांबत असे. तो सामना आपण हरलो, हे वाक्य मात्र सहसा कोणी उच्चारीत नसे.

होळकर संघाच्या वैभवाची उजळणी या पत्रिकेच्या वाचकांसमोर करणे म्हणजे सराफ्यात जाऊन सोन्याची ओळख करून देणे होय. 1944-45 ते 1954-55 या अकरा हंगामांत दहा वेळा अंतिम फेरी आणि चार वेळा विजेतेपद. एवढे आकडे पुरेत. मला नेहमी कुतूहल वाटत आले ते फडकरांचे. समोरचा माणूस रक्तबंबाळ, वडिलांच्या वयाचा, शिवाय भारताचा पहिला कसोटी कर्णधार. अशा फलंदाजाला पुढचा चेंडू कोणता टाकावा? वेगात टाकला तर निर्दयपणा, हळू टाकला तर त्याचा अपमान. शौर्याच्या कथेत गोलंदाजाच्या मनाला जागा नसते. ती असायला हवी होती, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या दिवशी नायडूंना ‘बाहेर चला’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला होता? कर्णधार तेच, ज्येष्ठ तेच, संघ घडविणारेही तेच. आज्ञा देणारा आणि आज्ञा पाळणारा एकच असला की धैर्य आणि हट्ट यांतील सीमारेषा आखणार कोण?

हा प्रश्न जुना झाला असे वाटत असतानाच 2023 साल उजाडले. रणजी करंडकाचा उपांत्यपूर्व सामना, आपल्याच होळकर स्टेडियमवर, मध्य प्रदेश विरुद्ध आंध्र. आपल्या इंदूरच्याच आवेश खानचा उसळता चेंडू आंध्रचा कर्णधार हनुमा विहारी याच्या डाव्या मनगटावर आदळला आणि हाड मोडले. दुसऱ्या दिवशी आंध्रचे नऊ गडी 353 वर बाद झाले आणि विहारी पुन्हा बाहेर आला. उजव्या हाताने खेळणारा हा फलंदाज चक्क डावखुऱ्यासारखा उभा राहिला! नेहमीसारखे उभे राहावे तर मोडलेले मनगट नेमके गोलंदाजाच्या समोर येते. उलटे उभे राहिले की ते मागे दडते आणि बॅट उजव्या हातात धरता येते. हे शौर्य खरेच, पण विचारपूर्वक केलेले. अखेरच्या जोडीने 26 धावांची भर घातली आणि डाव 379 वर संपला. दुसऱ्या डावातही तो तसाच आला आणि त्याने 15 धावा केल्या.

आमचे मेहुणे बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाचे पक्के. ते म्हणाले, “काय साधलं? आंध्रचा दुसरा डाव 93 धावांत आटोपला, आपल्याला 245 हव्या होत्या, त्या पाच गडी राखून झाल्या. विहारी तंबूत बसला असता तर आपण थोडं आधी जिंकलो असतो, इतकंच!” हिशेब बिनचूक होता. तरीही तो मला पटला नाही. दुसऱ्या दिवशी चौथ्या दिवसाचा निकाल कोणाच्या हाती नसतो. निर्णयाचे मोल तो घेतला त्या क्षणी जे ठाऊक होते त्यावरून करावे. मेहुण्यांकडे खरा मुद्दा वेगळाच होता आणि तो त्यांनी मांडला नाही, म्हणून मीच मांडतो. 2021 च्या जानेवारीत सिडनीला याच विहारीने मांडीचा स्नायू दुखावलेला असताना अश्विनच्या साथीने 161 चेंडू खेळून नाबाद 23 धावा केल्या आणि कसोटी अनिर्णित राखली. पुढच्या ब्रिस्बेनच्या सामन्याला तो मुकला. त्या दिवसाची किंमत त्याला पुढे चुकती करावी लागली.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याला हे सारे सांगितले तर तो म्हणाला, “मामा, आमच्याकडे हा वाद क्वार्टरबॅकवरून होतो.” त्यांच्या फुटबॉलमध्ये चेंडू कोणाकडे फेकायचा, हे ऐन वेळी ठरविणारा तो गडी, संघाचा सारथीच म्हणा. 2013 च्या जानेवारीत वॉशिंग्टनचा रॉबर्ट ग्रिफिन गुडघा आधीच दुखावलेला असताना सिएटलविरुद्ध उतरला, सामन्यात लंगडू लागला आणि अखेरीस कोसळला. ‘मी खेळू शकतो’ असे तो म्हणाला आणि प्रशिक्षक माईक शॅनाहन यांनी ते मानले. सामना तर गेलाच, शिवाय त्या उमद्या खेळाडूला पूर्वीचा सूर पुन्हा गवसला नाही. भाच्याच्या मते दोष सर्वस्वी प्रशिक्षकाचा : बावीस वर्षांचा मुलगा ‘खेळतो’ असेच म्हणणार, ‘नाही’ म्हणण्यासाठीच तर वडीलधारा माणूस तिथे उभा असतो. शिवाय तिथे दुसरा क्वार्टरबॅक तयार बसलेला असतो. विहारीच्या जागी फलंदाजीला कोणी येऊच शकत नव्हते. हा भेद मोठा आहे.

हे सारे मी निव्वळ करमणूक म्हणून लिहीत नाही. आमचा नातू पंधरा वर्षांचा असून यष्टिरक्षक आहे. गेल्या हिवाळ्यात त्याच्या उजव्या हाताच्या करंगळीला बारीक तडा गेला. दोन दिवसांवर सामना होता. त्याच्या प्रशिक्षकांनी (सज्जन गृहस्थ आहेत, नाव कशाला घ्या) त्याला नायडूंच्या दातांची गोष्ट ऐकविली. पोरगा घरी आला तो बोटाला पट्टी बांधून, डोळ्यांत चमक घेऊन. सूनबाई गप्प बसल्या. मुलगा म्हणाला, “आबा, तुम्हीच तर लहानपणापासून आम्हाला ही गोष्ट सांगत आलात.” मी सांगितले, गोष्ट खरीच आहे, आणि मी ती पुढेही सांगीन, पण नायडू 56 वर्षांचे होते आणि दात त्यांचे स्वतःचे होते. या बोटाची वाढ अजून पूर्ण व्हायची आहे. नातू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. सामन्याला मात्र गेला आणि गुणलेखकाशेजारी बसून राहिला.

नियमांनीही आता या वादात तोंड घातले आहे. 2019 पासून डोक्याला मार लागून खेळाडू बाहेर गेला तर बदली खेळाडूला फलंदाजी-गोलंदाजी करता येते. 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात मँचेस्टरला ऋषभ पंत पायाचे हाड मोडलेले असताना लंगडत फलंदाजीस आला. ओव्हलवर ख्रिस वोक्स निखळलेल्या खांद्याचा हात स्वेटरच्या आत बांधून उतरला. गंभीर जखमीच्या जागी बदली खेळाडू मिळावा, असे गौतम गंभीर म्हणाले. बेन स्टोक्सने ती कल्पनाच हास्यास्पद ठरविली. त्यानंतर आपल्या नियामक मंडळाने देशांतर्गत बहुदिवसीय सामन्यांत अशा बदली खेळाडूची सोय केली. म्हणजे आज विहारीला डावखुरे उभे राहण्याची गरज कदाचित पडली नसती.

मेहुण्यांना हा नियम पसंत आहे. भाचा म्हणतो, फार उशिरा सुचले. मी नियमाच्या बाजूचा आहे, तरी वोक्स पायऱ्या उतरून आला तेव्हा दूरचित्रवाणीसमोर मी उभा राहिलो होतो, आणि माझ्याआधी आमचा नातू.